उंदराचं औषध आणि माझी आई

माझ्या मामेभावाने माझ्या आईला जे सांगितलं ते खरं होतं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं. मग त्याच्यावर सरळ रागावता आलं असतं. आता रागावते ते दर वेळी थोडं अडखळून. पण रागावते. दोन वर्षं होत आली तरी राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा म्हणून मी काही करतही नाही.

आईला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता. कुही तालुक्यातल्या तिच्या गावी त्या काळी असा ताप म्हणजे आठ दिवस गोधडीत पडून राहायचं आणि नवव्या दिवशी धानाच्या रोवणीला जायचं. त्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. तोवर बाबा गेले होते, मी नोकरीला लागले होते आणि आम्ही दोघी शहरात, हुडकेश्वरच्या घरात राहायला आलो होतो. गच्चीवर वाळवण घालायला गेली की आई मधल्या पायरीवर बसायची. मला वाटायचं, वय झालं.

ऑपरेशन रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात झालं. खराब झडप काढून तिथे धातूची बसवली. पंखा बंद असला आणि घरात कोणी बोलत नसलं की तिच्या छातीतून घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. पाहुणे ऐकून घाबरतात, ती हसते.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. धातूच्या झडपेवर रक्ताच्या गाठी धरतात. त्या धरू नयेत म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. गोळी कमी पडली तर गाठ होते, जास्त झाली तर कुठे ना कुठे रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. त्या तपासणीत एक आकडा येतो, तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहिला पाहिजे.

पहिली पट्टी घ्यायला मी खालच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, पट्टी काढली आणि हसत म्हणाला, "मॅडम, ये चूहे मारने की दवाई है, मालूम है ना? संभाल के देना."

मी पट्टी हातात धरून तशीच परत वर गेले. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे निघाले होते. त्यांना जिन्यातच गाठलं.

"खालचा माणूस म्हणतो ते खरं आहे का?"

"खरं आहे," ते म्हणाले. "वॉरफरिन आधी बाजारात आलं ते उंदीर मारायला. उंदीर ते पोटभर खातो आणि चार-पाच दिवसांनी आतल्या आत रक्त वाहून मरतो. तुमच्या आईला तेच औषध आपण अगदी थोडं, मोजून देतो आणि दर महिन्याला बघतो."

"आईला सांगू का?"

"तुमच्या आई आहेत. तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. सांगायचं नाही.

त्याला कारण होतं. आईच्या लहानपणी तिच्या घरी उंदरांसाठी काळी पूड आणायचे. लसणासारखा वास यायचा तिला. पिठात तेल घालून त्यात ती पूड मळायची, गोळ्या करायच्या आणि धान साठवायच्या ढोलीमागे ठेवायच्या. एकदा आईच्या बकरीने त्यातली एक खाल्ली. दुपारी खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत मेली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पन्नास वर्षांनीही ती गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलायचा. त्या पुडीचा आणि या गोळीचा काहीएक संबंध नाही, पूड वेगळी, तिचं मारणं वेगळं. पण ज्या बाईच्या डोक्यात उंदराचं औषध म्हणजे ती बकरी आहे, तिला मी कसं सांगणार होते की तुला रोज संध्याकाळी तेच घ्यायचंय?

तर मी तिला म्हटलं, "ही रक्त पातळ ठेवायची गोळी." तिने मान डोलावली. डॉक्टरांनी दिली म्हणजे घ्यायची, एवढं तिला पुरेसं होतं.

अकरा वर्षं ते नीट चाललं. संध्याकाळी सहाला गोळी. महिन्यातून एकदा रामदासपेठेत रक्त. आकडा खाली-वर झाला की डॉक्टर फोनवर सांगायचे, आठवड्यातून दोन दिवस अर्धी जास्त, किंवा एक दिवस अर्धी कमी. मी तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. पालेभाज्यांनी त्या औषधाचा जोर कमी होतो, म्हणून आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेली वाटीभर. आईला पालेभाजीचं वेड. थंडीत मेथीच्या जुड्यांनी भरलेल्या हातगाडीकडे ती ज्या नजरेने बघायची ती मला आठवते. पण तिने कधी हट्ट केला नाही. डोकं दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, दात घासताना हिरड्यातून रक्त आलं तर लगेच सांगायचं, पडायचं नाही. हे सगळं ती पाळायची.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आई आठ दिवस माहेरी गेली. धान नुकतं घरी आलं होतं आणि मामांना बहिणीने नवा तांदूळ खायला यावं असं वाटत होतं. मी तिला सोडायला गेले आणि एक दिवस राहिले.

मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, कुहीला कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गोड बोलणारा, मदतीला धावणारा. आईचा लाडका. त्या दिवशी तो दुकानातून उंदरांच्या औषधाच्या निळ्या वड्या घेऊन आला होता. त्याच्या दुकानात त्यांना केक म्हणतात. धानाच्या पोत्यांमागे, फळीवर, न्हाणीच्या भिंतीशी, मिळेल तिथे त्याने त्या नुसत्या हाताने ठेवल्या. नंतर हात मांडीला पुसले आणि त्याच हाताने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला बसला.

"हात तरी धू," मी म्हटलं.

"काही नाही होत, ताई. हे धिम्यानं काम करते. उंदराले समजतच नाही का आपण कायनं मरून राहिलो. पहिले जे औषध होतं ना, त्याले उंदीर आता दाद देत नाही. हे त्याच जातीचं हाय, पण लय तेज. एका खाण्यात काम."

पहिले जे औषध होतं, ते म्हणजे आईच्या पर्समधली गोळी. मला ते ठाऊक होतं. तेव्हाच त्याला बाजूला घेऊन मी सांगू शकले असते की हे आईपुढे बोलू नकोस. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मी सकाळच्या बसने परत आले.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं त्याच्याकडून आणि बरंच आईकडून, कित्येक महिन्यांनी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आईने पट्टी काढली. तो शेजारीच चहा पीत होता. त्याने सहज पट्टी हातात घेतली आणि मागचं नाव वाचलं. नाव त्याच्या ओळखीचं होतं. विक्रेत्यांच्या कुठल्याशा प्रशिक्षणात त्याने ते ऐकलं होतं. खात्री करायला मोबाइलवर शोधलं आणि आईला पडद्यावर उंदराचं चित्र दाखवलं.

"आत्या, हे तं उंदीर माराचं औषध होय. तू हे रोज घेऊन राहिली?"

आई म्हणते, त्या क्षणी तिला बकरी दिसली.

बाकीचं त्याने मायेने केलं. आत्याला विष चारतात म्हणून तो खरोखरच हळहळला. शहरातले डॉक्टर पेशंटला कसे आयुष्यभर बांधून ठेवतात ते सांगितलं. गावातल्या एकाला अर्जुनाच्या सालीच्या काढ्याने कसा गुण आला तेही सांगितलं. निघताना साल बांधून दिली. आणि दोघांनी मिळून ठरवलं की मला सांगायचं नाही, कारण मी चिडेन आणि डॉक्टरांचीच बाजू घेईन.

आई परत आली ती जरा गप्प होती. मी रोज सहाला विचारायची, "गोळी घेतली?" ती म्हणायची, "घेतली." पट्टीतली एकेक जागा रिकामी होत होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. सकाळी मी ऑफिसला निघाले की ती काढा उकळायची. मी घरी यायची तेव्हा किंचित कडवट वास यायचा. ती म्हणायची, खोकल्यासाठी केला. महिन्याची रक्ततपासणी आली तेव्हा तिला सर्दी होती, मग माझं ऑफिसातलं काम निघालं. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. आणि मेथी. त्या पंधरवड्यात घरात चार वेळा मेथी झाली.

"आई, मेथी जास्त होतेय."

"होऊ दे वं. इतकी वर्षं काय खाल्लं मी?"

मला तिची दया आली. मी केली मेथी. माझ्या हाताने केली, लसणाची फोडणी देऊन.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती खाली बसून भाजी निवडत होती. मी ओट्याशी होते. ती म्हणाली, "बाई, ते पाणी दे."

मी ग्लास भरून दिला. तिने तो बाजूला सारला. "पाणी नाही वं. ते पाणी. कापाचं पाणी."

मी वळून पाहिलं तर उजव्या हातातली जुडी घरंगळली होती आणि तो हात मांडीवर तसाच पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिला विळी हवी होती, आणि शब्द चुकतोय हे तिला कळत होतं. ती पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत जास्त भीती दिसत होती.

शेजारच्या काकांनी गाडी काढली. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी शिव्या दिल्या. तोपर्यंत मला शिव्या येतात हे मलाही माहीत नव्हतं.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. झडपेवर धरलेली रक्ताची गाठ सुटून मेंदूच्या डाव्या बाजूला जाऊन बसली होती. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "एक दिवस चुकलेली नाही. मी रोज विचारते."

अर्ध्या तासाने रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा होता एक पूर्णांक एक दशांश. गोळी कधी घेतलीच नाही अशा माणसाचा आकडा. मी रिपोर्ट घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेले आणि तिथे बसलेल्या मुलीला म्हटलं की तुम्ही बाटल्या बदलल्या आहेत. ती म्हणाली, मॅडम, दोनदा लावलंय. मी आवाज चढवला. तुम्हाला लोकांच्या जिवाचं काही नाही, आणखी काय काय बोलले. लोक बघत होते. ती खाली मान घालून ऐकत राहिली. दोन दिवसांनी मी तिची माफी मागायला गेले, तर तिची दुसरीकडे बदली झाल्याचं कळलं.

दुपारी आईचे जुने कागद आणायला मी घरी आले. फाइल देवघराच्या खालच्या कप्प्यात असते. ती ओढताना मागून बामची एक जुनी डबी निघाली. झाकणावर चिकटपट्टी गोल फिरवून घट्ट लावलेली. उघडली तर आत गोळ्या होत्या. मी त्या पाटावर ओतून मोजल्या. माहेराहून आल्यापासूनचा एकेक दिवस. एकही कमी नाही.

त्या तिने फेकल्या का नाहीत हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. फेकल्या तर एखादी चिमणी, एखादं मांजर खाईल. म्हणून चिकटपट्टी.

मी तिथेच फरशीवर बसून तिचा मोबाइल उघडला. मामेभावाचे संदेश वर होते. उंदराचं चित्र आणि शेजारी गोळ्यांची पट्टी. डॉक्टर काय लपवतात असा एक व्हिडिओ. आणि त्याच्या आवाजातला एक निरोप: "आत्या, बंद केली ना गोळी? काढा घेऊन राहिली ना? ताईले नको सांगू अजून."

मी तो निरोप तीनदा ऐकला.

तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. हातात पेरूंची पिशवी. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकं आहेत, तिथे मी बसले होते. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं असावं.

"ताई, आत्या कशी हाय?"

"बोलता येत नाही. उजवी बाजू गेली."

तो बाकाच्या टोकाला बसला. पिशवी शेजारी ठेवून म्हणाला, "मी खोटं नाही बोललो, ताई. तू सांग, ते उंदराचं औषध हाय का नाही?"

"हाय."

"मंग?"

त्या एका शब्दाने माझा तोल गेला. "मंग काय? तुझ्या दुकानात शेतकरी येते, त्याले फवारणीचं औषध देतं, तेव्हा एका पंपाले किती टोपणं टाकाचं ते सांगतं का नाही? एक टोपण सांगितलं आणि त्यानं आख्खी बाटली ओतली, तर पीक जळते का नाही? मंग औषध तेच असून एकाचं पीक वाचते, एकाचं जळते, हे तुले समजते. माझ्या आईच्याच वेळी काहून नाही समजलं?"

"मी बंद कर असं नाही म्हटलं," तो हळू म्हणाला. "मी फक्त सांगितलं."

मी पर्समधून आईचा मोबाइल काढला आणि त्याचा निरोप लावला. त्याचाच आवाज त्या बाकावर वाजला. शेजारच्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे. डोळे पुसले त्याने. मला त्याच्या रडण्याचाही राग आला.

"पेरू घेऊन जा," मी म्हटलं. "तिले गिळता येत नाही."

तो पिशवी बाकावर ठेवूनच गेला. ते पेरू मी वॉर्डातल्या मावशींना वाटले.

आई वाचली. सगळे म्हणतात, नशीब म्हणायचं. मी नाही म्हणत. सहा आठवड्यांनी ती काठी घेऊन उभी राहिली. उजवा हात खांद्यापर्यंत उचलता येतो, पण बोटांत बटण धरत नाही. शब्द हळूहळू परत आले. आधी शिव्या आल्या, मग देवांची नावं, मग भाज्यांची. रोज एक बाई यायच्या, चित्रं दाखवून शब्द म्हणून घ्यायच्या. आई चमच्याला फणी म्हणायची आणि चुकलं हे समजून स्वतःच्या कपाळावर डाव्या हाताने मारायची. साठ वर्षं बोललेली बाई. तिचा तो हात धरताना मी मनातल्या मनात कुहीच्या त्या दुकानाला काय काय केलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी सहा वाजता मी गोळी आणि पाणी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. तिने हात पुढे केला नाही. माझ्याकडे बघत राहिली. वाक्य जुळवायला तिला वेळ लागत होता.

"तुले... ठाऊक होतं?"

मला कळलं ती काय विचारतेय. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवसापासून."

तिने माझ्या हातातल्या गोळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून. तुझी ती बकरी..."

"मी काय लेकरू हावो?" ती मोठ्याने म्हणाली. इतक्या महिन्यांत तिचं असं अख्खं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "अकरा वर्षं. रोज माह्या हातावर ठेवली. माह्या पोटात जाते, अन् मलेच ठाऊक नाही. त्यानं तं सांगितलं. तू नाही सांगितलं."

मला सांगायचं होतं की त्याने सांगितलं म्हणून तर तुझी ही गत झाली. पण तिचा राग ज्या जागी यायला हवा होता त्याच जागी आला होता. मी तिला आधी सांगितलं असतं, नीट बसून, बकरीसकट, तर त्या उंदराच्या चित्राला ती म्हणाली असती, ठाऊक हाय मले, चहा पी तू. मी माझ्या आईला अडाणी ठेवलं. ती घाबरू नये म्हणून नाही, तिला समजावत बसायचा माझा ताप वाचावा म्हणून. हे मला कबूल करायला अजूनही जड जातं.

त्या संध्याकाळी गोळी तिने घेतली, पण अट घालून. डॉक्टरांकडे न्यायचं आणि ती विचारेल ते सगळं सांगायचं.

पुढच्या मंगळवारी आम्ही डॉक्टरांपुढे बसलो. आईने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि विचारलं, "यानं उंदीर कसा मरते?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा.

त्यांनी सांगितलं. रक्त गोठायला शरीरात एक जीवनसत्त्व लागतं, पालेभाजीत असतं ते. हे औषध त्याला काम करू देत नाही. उंदराला खूप मिळतं, म्हणून त्याचं रक्त मुळी गोठतच नाही, आणि कुठेतरी आत लागलं की वाहत राहतं. हे लगेच होत नाही, दिवस जातात, म्हणून बाकीचे उंदीर त्या खाण्याला भीत नाहीत. आता नवी औषधं आलीत, ती याच्याहून फार जोरकस, शरीरात आठवडेच्या आठवडे राहतात. तसा मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरालाही धोका. माणसाच्या पोटात चुकून गेलं तर पाकीट घेऊन थेट दवाखान्यात यायचं, त्याला उतारा आहे. पण दोन दिवस काही झालं नाही म्हणून घरी बसून राहिलं तर अवघड होतं.

"मंग माह्यं काहून नाही वाहात?"

"कारण तुम्हाला फार थोडं देतो. रक्त गोठायला हवं, पण झडपेवर नको, त्या दोन्हींच्या मधे. ते जमतंय का हे बघायलाच दर महिन्याला सुई टोचतो."

"हे कोणी शोधलं?"

डॉक्टर खुर्चीत जरा मागे टेकले. म्हणाले, परदेशात एका थंड मुलखात गुरं अचानक मरायला लागली होती. शिंगं कापली की रक्त थांबेना. शोध घेतला तर सापडलं की ओला राहून बुरशी धरलेला चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातून हा पदार्थ निघाला. त्यावरून आधी उंदराचं औषध केलं, मग माणसाचं.

आई पुढे सरकली. "बुरशीचा चारा आम्ही गुराले नाही घालत," ती म्हणाली. "माहा बाप फेकून देत जाय. गाभण गाय तं त्यानं मरते म्हणे." आणि मग डॉक्टरांना तिने तिच्या गावी चारा कसा रचतात, पावसात तो कसा तापतो, हे सांगायला सुरुवात केली, अडखळत, मध्येच शब्द शोधत. बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी पुरतं ऐकून घेतलं. अकरा वर्षांत ती त्यांच्याशी इतकी कधी बोलली नव्हती, आणि तिला बोलता येत नसताना बोलली.

मामेभाऊ आता दर आठवड्याला फोन करतो. आई त्याच्याशी बोलते. तिने त्याला कधीच माफ करून टाकलंय. पोट्टं वाईट नाही, म्हणते. फोन वाजला की मी तो उचलते, त्याचा आवाज ऐकते आणि एक शब्द न बोलता आईच्या डाव्या हातात देते. तो "ताई" म्हणतो ते ऐकू येतं. अजून तरी मला उत्तर द्यावंसं वाटलेलं नाही. त्याच्या दुकानाचं बरं चाललंय असं ऐकते.

मागच्या महिन्यात आम्ही रक्त द्यायला गेलो होतो. रांगेत आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, छातीवरची पट्टी सदऱ्याच्या गळ्यातून दिसत होती. बरोबर त्यांचा मुलगा. म्हाताऱ्यांनी आईला विचारलं, "तुम्हालाही तीच गोळी आहे का हो? रक्ताची?"

"हो," आई म्हणाली. "तुमाले सांगितलं का, ते काय होय?"

मुलगा चटकन माझ्याकडे झुकला. "काकूंना जरा थांबवा ना. बाबांना आम्ही काही सांगितलेलं नाही. ते टेन्शन घेतात."

त्याचा चेहरा काळजीने ओढलेला होता. पण मला त्याची कीव आली नाही, चीड आली.

"घेऊ द्या टेन्शन," मी म्हटलं. "आणि तुम्हीही इकडे सरकून बसा. ती हळू बोलते, ऐकायला वेळ लागतो."

तो वडिलांच्या पलीकडची खुर्ची जवळ ओढून बसला. आईने काठी बाजूला ठेवली आणि गुरांपासून सुरुवात केली.